रांगती फुलझाडं: रोपं आणण्याआधी वाफा नीट करा

दगडांमध्ये रांगत्या फुलझाडांचा वाफा करायचाय, पण आधी लावलेली रोपं थंडीने गेली का, असं तुम्ही विचारलंय. जागा अशी: अमेरिकेतलं मध्य न्यू जर्सी, ड्राइव्हवेलगतचा दक्षिणेकडचा उतार, १२ बाय ६ फूट, चिकणमाती, आणि ऑक्टोबरअखेरीस लावलेल्या क्रीपिंग फ्लॉक्सची (जमिनीलगत पसरणारं फुलझाड) निम्मी रोपं मार्चपर्यंत गेलेली. एवढ्या माहितीवरून थंडीला दोष देता येत नाही. क्रीपिंग फ्लॉक्स मूळचं अमेरिकेच्या पूर्व भागातलंच आहे आणि झोन ३ पर्यंत तग धरतं (झोन म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेले पट्टे; आकडा लहान तितकी थंडी जास्त). तुम्ही झोन ७ मध्ये आहात. चिकणमातीत हिवाळाभर पाणी मुरून राहिलं की मुळं कुजतात. शिवाय रोपं उशिरा लागल्याने मुळं धरायच्या आतच जमीन गोठायला आणि सुटायला लागते, आणि त्यात लहान रोपं वर ढकलली जातात. मार्चमध्ये मुळांचा गड्डा मातीच्या वर उघडा पडलेला दिसला असेल तर हेच झालंय.

चिकणमातीत चार पोती वाळू मिसळायचा मोह टाळा. थोड्या वाळूने ती मोकळी होत नाही, उलट वाळल्यावर काँक्रीटसारखी घट्ट बसते. हिरवळ मुळांसकट चार इंच खोल काढा, खालची माती फक्त फावड्याने सैल करा आणि वर आठ इंचांचा नवा थर द्या: एक भाग साधी टॉपसॉइल (वरच्या थराची माती), एक भाग जाड वाळू, एक भाग पाव ते तीन अष्टमांश इंचाची खडी. कंपोस्ट मूठ-दोन मूठच. मोठे दगड जागा व्यापतील ते वजा जाता साधारण दीड क्युबिक यार्ड मिश्रण लागेल. दगड नुसते वर ठेवू नका. तिसरा हिस्सा जमिनीत गाडा आणि माथा उताराच्या चढाकडे किंचित कलता ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी मागे झाडांच्या मुळांकडे जाईल.

आता झाडं. फ्लॉक्सची सात रोपं दीड-दीड फुटावर लावा. एप्रिल-मेमध्ये पानं दिसणार नाहीत इतकी फुलतात. मधे डायॅन्थसची पाच, फूटभर अंतरावर. 'फायरविच' नावाची जात घ्या, २००६ ची 'पेरेनियल प्लांट ऑफ द इयर' आहे आणि निळसर पानं बिनफुलांची सुद्धा छान दिसतात. दगडांच्या फटींत क्रीपिंग थाइमची नऊ. ऑनलाइन मिळणारं 'लाल थाइमचं बी' घेऊ नका, फोटोतला गालिचा त्यातून क्वचितच उगवतो. नर्सरीतून तयार रोपंच आणा. ड्राइव्हवेच्या काठाला सेडम स्प्युरियमची पाच, कारण बर्फावर टाकलेलं मीठ तिथेच पडणार आणि ते सेडमला बऱ्यापैकी सोसतं. सर्वांत वरच्या, सर्वांत कोरड्या जागी आइस प्लांटची चार. आपल्याकडच्या ऑफिस टाइम (पोर्टुलाका) या फुलझाडासारखी त्याची फुलंही ऊन आलं की उघडतात आणि ढग आले की मिटतात, पण हे बहुवर्षायू आहे. ते वसंतातच लावा, शरद ऋतूत लावलेलं पहिल्या हिवाळ्यात दगावण्याची शक्यता जास्त. ऑब्रिएटा आणि स्नो-इन-समर कॅटलॉगमध्ये देखणी दिसतात, पण तुमच्या दमट जुलैत मधूनच सडतात. सोडून द्या.

लावणी मध्य एप्रिल ते मेअखेर करा, किंवा सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. जमीन गोठण्याआधी निदान सहा आठवडे हवेत. नर्सरीचं रोप पीटमध्ये (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) वाढलेलं असतं, आणि तो पीटचा गोळा खडीच्या मातीत तसाच खोचला तर एकदा वाळल्यावर पाणी पीतच नाही, ते बाजूने निघून जातं. पावसाळी दिवसांत मात्र तोच गोळा ओला गच्च राहतो. म्हणून कुंडीतून काढल्यावर गोळा पाण्याच्या बादलीत बुडवा, बोटांनी बाहेरचं निम्मं पीट सोडवा, मुळं मोकळी पसरून लावा. रोपाचा गळा (खोड आणि मुळं जुळतात ती जागा) मातीपेक्षा चिमूटभर उंच ठेवा आणि त्याभोवती दीड इंच पी ग्रॅव्हल (वाटाण्याएवढी गोल खडी) घाला. लाकडी मल्च (लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन) नको, ते गळ्याशी ओल धरतं. लँडस्केप फॅब्रिकही (तण रोखायला मातीवर अंथरायचं कापड) नको: रांगत्या फांद्या टेकतील तिथे मुळं सोडतात, फॅब्रिक असलं की ते बंदच होतं.

पहिल्या वर्षी पाऊस नसेल तर आठवड्याला इंचभर पाणी. त्यानंतर फक्त लांबलेल्या दुष्काळात. लॉनचं खत वाफ्यावर उडू देऊ नका, नायट्रोजन जास्त झाला की झाडं लांबट होतात आणि मधून फाकतात. फुलं संपताच फ्लॉक्स कात्रीने एक तृतीयांश कापा. थाइमही कापा, पण पानं असलेल्या भागातच. जुन्या बोडक्या लाकडाला फुटवे येत नाहीत. तीन-चार वर्षांनी मध्य उघडा पडला की तिथे खडी मिसळलेलं कंपोस्ट दोन बोटं पसरा, किंवा झाड उचलून कडेचे तुकडे पुन्हा लावा.

ऐन उन्हाळ्यात फ्लॉक्सची पानं बारीक ठिपक्यांनी फिकी आणि मग तपकिरी झाली तर बहुधा कोळी कीड (स्पायडर माइट) असते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून पाहा, हलणारे ठिपके पडले तर पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, आठवडाभर दिवसाआड. पहिल्या हिवाळ्यात सशांसाठी डायॅन्थस आणि फ्लॉक्सवर चिकन वायर टाका. थाइमला ते सहसा तोंड लावत नाहीत. आणि नोव्हेंबरात ओकची पानं पडली की ब्लोअरने लगेच उडवा, वाफ्यावर ती ओली चिकटून राहिली तर खालचा हिरवा भाग फेब्रुवारीपर्यंत काळा पडतो.