आईच्या आतड्यांतल्या जिवाणूंमुळे बाळ जाड होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवा महिना चालू आहे, उंची पाच फूट दोन इंच, दिवस जाण्याआधी वजन ६८ होतं, आतापर्यंत ९ किलो वाढलं. 'जाड आईच्या आतड्यांतले वाईट जिवाणू बाळात उतरतात आणि तेही जाड होतं' असं कुठेतरी वाचलंत आणि झोप उडाली. हे खरं आहे का आणि प्रोबायोटिकच्या, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूल सुरू कराव्यात का?

कॅप्सूल मनानं सुरू करू नका. बाकीचं जरा सविस्तर सांगते.

मी डॉक्टर नाही. इंदुरात कॉलेजच्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे जिवाणूंपुरतं बोलायचा हक्क आहे, आणि दोन बाळंतपणं झाली आहेत म्हणून थोडा बाकीचाही.

तुम्ही वाचलंत त्याचं मूळ बहुधा उंदरांच्या प्रयोगांत आहे. २०१२ साली फिनलंडमधल्या ९१ गरोदर बायकांच्या शौचाचे नमुने तपासले गेले, एकदा पहिल्या तिमाहीत आणि एकदा शेवटच्या. मधल्या काळात आतड्यांतली जिवाणूंची वस्ती चांगलीच बदलली होती. मग ते नमुने जिवाणूच नसलेल्या, मुद्दाम तसे वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. शेवटच्या तिमाहीचे नमुने मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले आणि त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम कमी झाला. ऐकायला भीतीदायक आहे, पण हा बदल सडपातळ बायकांतही झाला होता! बाळाच्या वाढीसाठी आणि पुढच्या दुधासाठी शरीर साठा करतं, त्यात जिवाणूंचाही हात असावा, असा त्याचा एक अर्थ लावतात. म्हणजे ज्याला आजार म्हणायचं, ते गरोदरपणात कदाचित कामाचंच असेल.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा प्रयोग २०१८ मधला आहे. त्यात लठ्ठ आयांच्या दोन आठवड्यांच्या बाळांची शी अशाच उंदरांना दिली, तर त्यांच्या यकृतात बिघाडाची चिन्हं दिसली. तेव्हा धागा आहे, मी नाही म्हणत नाही. पण माणसाच्या बाळात तो सुटा करता येत नाही. वजन जास्त असलेल्या आईचं सिझेरियन होण्याची शक्यता जास्त, त्यात अँटिबायोटिक आलं. अंगावरचं दूध यायला कधी उशीर होतो, मग वरचं दूध सुरू होतं. शिवाय घर तेच, स्वयंपाक तोच, आईबापाची जनुकंही तीच. यातलं किती जिवाणूंच्या खात्यावर मांडायचं?

आणि आपल्या लोकांची तर गोष्टच वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासली. आया बारीक, बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साडेतीन किलोंच्या बाळांपुढे अगदी चिमुकली. तरी हात-पाय बारीक आणि कातडीखाली चरबी मात्र जवळपास त्यांच्याइतकीच. आई बारीक असली म्हणजे बाळ मधुमेहापासून सुटलं, असं आपल्याकडे म्हणता येत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण जाड बाईला घरातले सगळे बोलतात आणि बारीक बाईकडे कुणी बघतच नाही.

आता कॅप्सूलचं. ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या गरोदर बायकांना मधुमेह होऊ नये म्हणून प्रोबायोटिक देऊन पाहिलं, मधुमेह टळला नाही. अशा चाचण्यांचा २०२१ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा उलट गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा जो आजार असतो, प्रीएक्लाम्प्सिया, त्याचा धोका वाढलेला दिसला. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको.

दही खुशाल खा. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना घरच्या विरजणाचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून दाखवते. जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा दिसतात, वर्गात एकदम शांतता पसरते. पण हे पाहुणे असतात, आतड्यात बहुतेक वेळा बिऱ्हाड करत नाहीत. जे कायमचे राहतात त्यांना लागतो चोथा: डाळी, पालेभाज्या, ज्वारीची भाकरी, सालासकट फळं. इंदुरात राहून हे सांगणं म्हणजे धाडसच आहे, इथे सकाळ पोह्यावर शेव आणि जीरावण मसाला पडल्याशिवाय होत नाही. पण हिशेब बघा. गरोदरपणात रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. पोह्यांची एक प्लेट आणि दोन जलेब्या, झालं. 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा' म्हणणाऱ्यांच्या हे गावी नसतं.

माझ्या दुसऱ्या खेपेला मी १९ किलो वाढले होते. रामबागेत आमच्या घरी सासूबाई दुपारी चार वाजता वाटीत तुपाचा शिरा घेऊन उभ्या राहायच्या, 'नको' म्हटलं तर डोळ्यांत पाणी. बाळ ३.९ किलोंचं, सिझेरियन. तोच मुलगा आज १७ वर्षांचा काडीपैलवान आहे. अर्थात एका मुलावरून शास्त्र होत नाही.

तुमच्या आकड्यांवर येऊ. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती तो आकडा, साडेसत्तावीसच्या आसपास येतो. अमेरिकेच्या २००९ च्या मार्गदर्शनानुसार अशा बाईचं वजन नऊ महिन्यांत मिळून ७ ते ११.५ किलो वाढावं, आपल्याकडे तर २५ च्या वर लठ्ठच धरतात. म्हणजे इथून पुढे आठवड्याला पाव किलोच्या आसपास. वजन उतरवायला मात्र जाऊ नका, या महिन्यांत उपाशी राहणं बाळाला बाधतं. गोड आणि तळण कमी, जेवणानंतर वीस मिनिटं चालणं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर.

बाळ झाल्यावर पहिला चीक वाया घालवू नका. आईच्या दुधात अशा काही साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया या चांगल्या जिवाणूंसाठीच असतात. सोनं-मध चाटवायला कुणी पुढे आलं तर सरळ अडवा. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू असू शकतात, वर्षाच्या आत मध नाहीच. घुटीही नको, सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

साखरेची तपासणी झाली का, हे तुम्ही लिहिलं नाही. २४ ते २८ आठवड्यांतली, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त देतात ती. १४० किंवा वर आली तर उपचार लागतात. जिवाणूंपेक्षा आत्ता हाच आकडा महत्त्वाचा. राहिली असेल तर याच आठवड्यात करा आणि सोबत कुणाला तरी न्या. पाणी भयंकर गोड असतं, मला पंधरा मिनिटांत उलटी झाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन प्यावं लागलं.