वर्गातल्या प्रयोगावरचा शोधनिबंध जर्नलला कसा पाठवावा? रिव्ह्यूमध्ये नेमकं काय होतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्याला पालिकेच्या शाळेत सहावीला गणित शिकवता, अपूर्णांक शिकवण्याची एक पद्धत वर्षभर करून पाहिलीत आणि त्यावर पंधरा पानं लिहून तयार आहेत. कुणीतरी म्हणतंय, 2,500 रुपये भरा, आठ दिवसांत छापून सर्टिफिकेट हातात. आधी याचंच उत्तर देते. पैसे भरू नका.

फी घेतात म्हणजे जर्नल खोटंच, असं नाही. सगळ्यांना फुकट वाचता यावं म्हणून काही चांगली जर्नल्सही लेखकाकडून पैसे घेतात. पण त्यांचे दर आधीपासून जाहीर असतात आणि पैसे निबंध स्वीकारल्यावर मागतात. इथे खटकतात ते आठ दिवस. तुम्हाला न ओळखणारी, विषयातली दोन माणसं आपापली नोकरी सांभाळून पंधरा पानं वाचणार, शेरे लिहिणार, तुम्ही सुधारणार, ते पुन्हा बघणार. यालाच रिव्ह्यू म्हणतात, आणि तो आठ दिवसांत होत नाही. म्हणजे तिथे कुणी वाचतच नाही. "आमच्याकडे आयएसएसएन आहे" हेही ते सांगतील. तो आठ अंकी नंबर नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नल्सची 'केअर' यादी बघून ठरवता यायचं, पण ती बंद केल्याचं आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं. आता पारख आपणच करायची. त्या जर्नलचे जुने दोन-तीन अंक उघडा आणि त्यातले दोन निबंध पूर्ण वाचा. संपादक मंडळातल्या एक-दोघांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का बघा. एवढ्याने बरंच कळतं.

मी ठाण्याला बी.एड. कॉलेजात शिकवते आणि गेली काही वर्षं रिव्ह्युअर म्हणूनही काम करते. पण रिव्ह्यू म्हणजे काय हे मला रिव्ह्युअर होऊन नाही कळलं. ते माझ्या पहिल्या निबंधाने शिकवलं, म्हणून तो सविस्तर सांगते.

शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत चौथीच्या मुलांच्या वाचनावर मी काम केलं होतं. पूर्वचाचणी, मग चार महिने उपक्रम, मग उत्तरचाचणी. 25 गुणांपैकी सरासरी 9 वरून 12 वर गेली. मी खूश होते. पाच महिन्यांनी दोन रिव्ह्युअरची पत्रं आली, आणि पहिल्याच पत्रातले सतरा मुद्दे बघून मी मेल बंद केला. आठवडाभर उघडला नाही. उघडला तेव्हा दुसऱ्या पत्रात एक ओळ होती. तिचा अर्थ असा: कोष्टक 2 मध्ये 42 मुलं आहेत, कोष्टक 4 मध्ये 38, ही चार मुलं कुठे गेली?

मला उत्तर माहीत नव्हतं. उत्तरचाचणीच्या दिवशी गैरहजर असतील, असं मी धरून चालले होते. शनिवारी आसनगावला उतरून जीपने शाळेत गेले. गुरुजींनी हजेरीपट काढून दिला. चार नावांपुढे दिवाळीच्या सुट्टीनंतर लाल शाईची एक आडवी रेघ, पान संपेपर्यंत ओढलेली. "आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली, भिवंडीकडे. पावसाच्या आधी येतात परत," गुरुजी म्हणाले. चौघंही कातकरी वाडीतली. घरी येऊन त्यांचे पूर्वचाचणीचे पेपर काढले. चौघांचे मिळून 12 गुण होते.

आता हिशोब बघा. त्या चौघांना वगळलं की उरलेल्या 38 जणांची सुरुवातीची सरासरी 9 नाही, 9.6 होते. म्हणजे वाढ 3 गुणांची नव्हती, 2.4 ची होती. उरलेली वाढ मी काही शिकवल्यामुळे आलेली नव्हती. सगळ्यात मागे असलेली मुलं वर्गातून निघून गेली म्हणून ती दिसत होती. हे मला दिसलं नव्हतं. मला कधीही न भेटलेल्या माणसाला दोन कोष्टकं शेजारी ठेवल्यावर ते दिसलं. त्या चार मुलांवर मी निबंधात दीड पान नव्याने लिहिलं, आणि आजही मला त्यातलं तेच दीड पान महत्त्वाचं वाटतं.

म्हणून पाठवण्याआधी तुमची कोष्टकं पेन्सिल घेऊन तपासा. प्रत्येक कोष्टकातली मुलांची संख्या जुळते का? जुळत नसेल तर का नाही, हे लिहा. नवी मुंबईतही बदली, स्थलांतर, गावाला जाणं यामुळे वर्षभरात पट हलतोच.

आता पाठवायचं कसं ते. शिक्षणविषयक बहुतेक जर्नल्समध्ये लेखकाला रिव्ह्युअर कळत नाही आणि रिव्ह्युअरला लेखक. त्यासाठी नाव-पत्ता असलेलं पान वेगळी फाइल करून द्यायचं असतं. मुख्य फाइलमधून नाव काढलं तरी वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये ते राहतं, तिथूनही काढा. "मी माझ्या आधीच्या निबंधात दाखवल्याप्रमाणे" असं वाक्य आलं की ओळख उघड झालीच. शाळेचं आणि मुलांचं नाव तर कुठेच नको. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची मराठीतली संमतीपत्रं जपून ठेवा. आणि एका वेळी एकाच जर्नलला पाठवा. दोन ठिकाणी एकदम पाठवणं हा गैरप्रकार मानला जातो आणि तो उघडकीला येतो.

कुठे पाठवावं? एनसीईआरटीची 'इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू' आणि 'जर्नल ऑफ इंडियन एज्युकेशन' बघा. तुमच्या लेखनात आकडेवारीपेक्षा शिकवण्याची रीत जास्त असेल, तर अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'ॲट राइट अँगल्स' हे शालेय गणिताचं नियतकालिक आहे. ते संशोधनाचं जर्नल नाही, पण तुमच्यासारख्या शिक्षकांसाठीच आहे. वर्गात घडलेलं चुकीच्या ठिकाणी पाठवलं की संपादक रिव्ह्यूला न धाडताच परत करतात. त्याचा अर्थ निबंध वाईट आहे असा घेऊ नका.

शेरे आले की उत्तराचं पत्र लिहायचं असतं, आणि बहुतेकजण ते दोन ओळींत उरकतात. तसं करू नका. रिव्ह्युअरचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, खाली तुमचं उत्तर, खाली कुठल्या पानावर काय बदललं ते. पटलं नाही तर तसंही सांगता येतं. मला एकाने विचारलं होतं, तुलनेसाठी दुसरा वर्ग का घेतला नाही? मी लिहिलं की शाळेत चौथीची एकच तुकडी आहे, आणि ही मर्यादा निबंधात नमूद केली. संपादकांनी ते मान्य केलं.

रिव्ह्युअर म्हणून मी काय बघते, तेही सांगते. निमंत्रणात आधी फक्त शीर्षक आणि सारांश येतो. विषय माझा नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणते, कारण तिकडे कुणीतरी महिने मोजत असतं. पूर्ण निबंध घरीच वाचते. लोकलमध्ये नाही, आणि कुठल्या एआयमध्ये टाकूनही नाही, कारण तो लेखकाने विश्वासाने दिलेला असतो. या कामाचे पैसे मिळत नाहीत. निबंधात एकच गोष्ट शोधते: जे विचारलं, जे मोजलं आणि शेवटी जे म्हटलं, ते एकमेकांना धरून आहे का. एका वर्गातल्या 40 मुलांवरून "महाराष्ट्रातील विद्यार्थी" असं लिहिलेलं दिसलं की मी तिथे खूण करते. इंग्रजी थोडं अडखळतं, हे माझ्या लेखी नाकारण्याचं कारण नाही.

तुमचा सारांश 250 शब्दांत करून इथेच खाली टाका, शाळेचं नाव वगळून. या रविवारी वाचून सांगते.