टाकी पाठीवर, पेन्सिल हातात

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर सत्रभर सागरी जीवशास्त्र आणि सायंटिफिक डायव्हिंग शिकायचं मनात आहे. पोहता येतं, डायव्हिंग कधी केलेलं नाही. तुम्ही तिथे शिकलात म्हणून विचारते : डायव्हिंग आधी शिकून जावं का? आणि 'ही नुसती हौस आहे' म्हणणाऱ्या घरच्यांना काय सांगू?

उत्तर : शिकूनच जा. ओपन वॉटरचा प्राथमिक कोर्स थोड्या दिवसांत होतो. त्याच्याही आधी डायव्हिंगसाठीची वैद्यकीय तपासणी करून घे. दमा किंवा कानाचं जुनं दुखणं निघालं, तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.

सायंटिफिक डायव्हिंगची, म्हणजे संशोधनासाठी पाण्याखाली उतरण्याची गोष्ट वेगळी. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ अंडरवॉटर सायन्सेसच्या निकषांनुसार त्याला किमान 100 तासांचं प्रशिक्षण आणि 12 डाइव्ह लागतात. बारा डाइव्हना शंभर तास कशाला, असं मलाही वाटलं होतं. प्रथमोपचार, ऑक्सिजन देणं, बेशुद्ध जोडीदाराला पाण्यातून ओढत आणणं आणि मोजणीच्या पद्धती, यात ते कधी संपले कळलंही नाही.

माझा पहिला ट्रान्सेक्ट, म्हणजे आखलेल्या पट्ट्यातली मोजणी, वाया गेला. 30 मीटरची टेप अंथरत जायचं आणि दोन मीटर रुंद पट्ट्यातले मासे जातवार, लांबीसकट लिहायचे. मास्कमधून सगळं साधारण एकतृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे माझे मासे कागदावर भलतेच धष्टपुष्ट झाले. त्यात स्ट्राइप्ड आणि प्रिन्सेस या दोन पॅरटफिशची तपकिरी पट्ट्यांची रूपं जवळजवळ सारखी. ती निरखण्याच्या नादात मी श्वास धरला आणि अलगद वर सरकले. श्वास रोखायचा नाही, हा डायव्हिंगचा पहिला नियम! तेवढ्यात आपली शेवाळाची बाग राखणाऱ्या एका डॅमसेल माशाने बोटाला चावा घेतला. हातमोजे नव्हते, तिथल्या सागरी उद्यानात त्यांना बंदीच आहे, कारण हातमोजे असले की माणूस बिनधास्त प्रवाळ धरतो. म्हणून माशांची ओळख घरी बसून घोटून जा. पाण्याखाली पुस्तक चाळायला वेळ नसतो.

बोनेरची निवड मला पटते. 1979 पासून बेटाभोवतीचा समुद्र 60 मीटर खोलीपर्यंत संरक्षित आहे, आणि वाऱ्याच्या आडोशाच्या पश्चिम बाजूला किनाऱ्यावरून चालतच प्रवाळापर्यंत जाता येतं. बोट लागत नाही, त्यामुळे तीच जागा पुन्हा पुन्हा मोजता येते. 2023 मध्ये तिथे प्रवाळांच्या ऊती झडवणारा रोग पोहोचला. कुठली वसाहत कधी आजारी पडली, हे अशा मोजणीतूनच कळतं. घरच्यांना हेच सांग. नोकरीची हमी मात्र देऊ नकोस. डायव्हिंग हे हत्यार झालं; संख्याशास्त्र कच्चं असेल तर ते गंजत पडतं. मी स्वतः पाण्यात होते त्याच्या कितीतरी पट वेळ स्प्रेडशीटसमोर होते.

परतीच्या विमानाआधी निदान 18 तास डाइव्ह नको. आणि पेन्सिल स्लेटला दोरीने बांध. लाकूड तरंगतं, माझ्या दोन तशाच वर गेल्या.