नागीण होऊन गेल्यावर पुढे आयुष्यभर त्रास राहतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ५८, छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली होती, फोड सुकून दोन महिने होत आले तरी आग थांबत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘कातडी तर स्वच्छ दिसते, आता दुखायला काय झालं?’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

आधी सरळ उत्तर. बहुतेकांना आयुष्यभर त्रास राहत नाही. पुरळ गेल्यावरही दुखणं तीन महिन्यांच्या पुढे टिकलं तर त्याला पोस्टहर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. नागीण झालेल्यांपैकी साधारण १० ते १८ टक्के लोकांना ते होतं. साठी-सत्तरीनंतर शक्यता वाढते. त्यांच्यातही बऱ्याच जणांचं दुखणं महिन्यामहिन्याने उतरत जातं. काहींचं वर्षभर रेंगाळतं, थोड्यांचं त्याहून जास्त. पण औषध मागायला तीन महिने पुरे व्हायची वाट बघायची नसते. आज दुखतंय तर आज सांगा.

आता घरच्यांचं. माझ्या वडिलांना सत्तरी ओलांडल्यावर नागीण झाली. पाठीच्या कण्यापासून उजव्या कुशीतून पोटापर्यंत अर्धा पट्टा. विषाणूवरच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या होत्या, त्यात कुणी हयगय केली नाही. खपल्या पडल्या, डाग फिके झाले, भेटायला येणारे ‘सुटलात एकदाचे’ म्हणून गेले. आणि खरं दुखणं तिथून पुढे सुरू झालं.

बाबा शर्टाची उजवी बाजू चिमटीत धरून, अंगापासून लांब ओढून बसायचे. पेपर वाचताना एक हात पेपरला, एक शर्टाला. बनियन उलटं घालायचे, कारण आतली शिवण टोचायची. पंख्याचा वारा त्या बाजूला आला की दचकायचे. पण उशी मात्र कुशीला घट्ट आवळून धरली की त्यांना जरा बरं वाटायचं.

माझ्या मोठ्या भावाने नेमकं हेच पकडलं. ‘उशी एवढी दाबून धरतात तेव्हा दुखत नाही, आणि सुती बनियन नुसतं लागलं की कळवळतात? हे कुठलं दुखणं? लक्ष वेधायचे प्रकार आहेत.’ शेजारच्या खोलीतून बाबांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून दादा घरात असला की ते शर्टाची सगळी बटणं लावून, हात मांडीवर ठेवून बसायला लागले. काही बोलायचे नाहीत. कपाळावर घाम दिसायचा. मला आजही राग आहे तो या गोष्टीचा. दुखण्यावर औषध निघतं, पण दुखतंय हे लपवायला लागलेल्या माणसाला औषध द्यायचं कसं?

मी त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे नेलं, दादालाही सोबत यायला लावलं. डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा कुशीवरून हलकेच फिरवला, तर बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मग त्याच जागी टाचणी लावली. टोक लागतंय की बोथट बाजू, हे त्यांना सांगता येईना. तिथे बधिरपणाही होता आणि आगही होती, एकाच वेळी. नाटक करणारा माणूस डोळे मिटून असं काही रचू शकत नाही.

लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू शरीरातून जात नाही, मज्जारज्जूलगतच्या नसांच्या गाठींत दबून राहतो. वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो, नसेतून कातडीपर्यंत येतो आणि येताना नसेलाच इजा करतो. कातडी काही आठवड्यांत भरते, नस भरायला फार वेळ लागतो. मधल्या काळात ती साध्या स्पर्शाचा निरोपही वेदना म्हणून पोचवते. हलका, सरकता स्पर्श असह्य आणि घट्ट दाब सोसवतो, असं या आजारात बऱ्याच जणांचं असतं. दादाने जो नाटकाचा पुरावा म्हणून दाखवला तो रोगाचा पुरावा होता.

साध्या वेदनाशामक गोळ्या यावर फारशा चालत नाहीत. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन किंवा रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन अशा गोळ्या देतात, आणि लिडोकेनचे पॅच मिळतात. बाबांना नॉरट्रिप्टिलिन लिहून दिली, तर दादाने नाव शोधून काढलं आणि म्हणाला, ‘बघ, नैराश्याची गोळी आहे. डॉक्टरांनाही कळलंय की हे मनाचं आहे.’ तुमच्याही घरी हे होईल, म्हणून आधीच सांगते. ही औषधं मूळ नैराश्यासाठी आली, पण नसांच्या दुखण्यावर ती कमी डोसमध्ये वापरतात आणि नैराश्य नसलेल्या माणसालाही त्यांचा उपयोग होतो. गोळी कशासाठी शोधली गेली यावरून तुमचं दुखणं ठरत नाही.

बाबांना गुण हळूहळू आला. आधी झोप लागायला लागली, मग पंखा चालायला लागला, मग शर्ट सुटला. एक तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे, तिथे अधूनमधून खाज येते. बाकी त्यांचं सगळं नीट चाललंय. दादा आता म्हणतो, ‘ते आपोआपच बरं होणार होतं.’ असेल. पण जे बरं झालं ते आधी होतं, एवढं तरी मग त्याने मान्य करायला हवं. अजून केलेलं नाही.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. नागीण पुन्हा होऊ शकते. ‘एकदा झाली की परत होत नाही’ हे चूक आहे, पण बहुतेकांना होत नाही. नागिणीनंतरचे काही आठवडे-महिने पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका थोडा वाढलेला असतो, डोळ्याभोवती झाली असेल तर जास्त, आणि तो पुढे कमी होत जातो. तेव्हा बीपी-शुगरच्या गोळ्या याच काळात चुकवू नका. नागीण झाली म्हणजे आत कुठेतरी कॅन्सर दडलाय असं समजून तपासण्यांचा सपाटा लावायची गरज नाही. स्मृतिभ्रंशाचं तुम्ही विचारलंत: २०२५ मध्ये वेल्समधला एक मोठा अभ्यास आला. तिथे २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना नागिणीची जुनी लस मिळू शकत होती, त्याआधीच्यांना नाही. जन्मतारखेच्या त्या रेषेच्या दोन बाजूंची तुलना केल्यावर, लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं निदान सुमारे एक पंचमांशाने कमी दिसलं. यावरून ‘नागीण झाली, आता विसरभोळेपणा येणार’ असा अर्थ काढू नका; लस घ्यायला मात्र हे आणखी एक कारण आहे.

नवी लस शिंग्रिक्स. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांना तिने ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. नागीण होऊन गेलेल्यांनीही घ्यावी, पुरळ पूर्ण बरी झाल्यावर. सध्याची आग तिने थांबणार नाही, ती पुढच्या वेळेसाठी आहे. दंड दुखतो, एखादा दिवस ताप-कणकण येते.

मी डॉक्टर नाही, एका रोग्याची मुलगी आहे. वर लिहिलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नका आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका. प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिनने चक्कर आणि गुंगी येते, वय झालेली माणसं रात्री उठताना पडतात. नॉरट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांआधी हृदयाचा, काचबिंदूचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो सांगायलाच हवा. लिडोकेनचा पॅच उघड्या जखमेवर लावायचा नाही. आणि हे वाचणाऱ्या कुणाला कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसत असतील, तर उद्यावर न टाकता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, त्यात दृष्टी जाऊ शकते.

तुमच्या पुढच्या भेटीला जो सगळ्यात जास्त ‘काय झालंय’ म्हणतो, त्यालाच सोबत न्या. कापसाची तपासणी त्याच्यासमोर करायला सांगा.