झुरळ दिसलं की कुणी धावून जाऊ नका

मी मनाच्या त्रासांवर उपचार करते. पावसाळा लागला की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. ‘मॅडम, पोरगी झुरळाला इतकी भिते की न्हाणीत पाऊल टाकत नाही. हे वेड म्हणायचं काय?’ खानापूरचे विचारतात, निपाणीचे विचारतात, बेळगावात टिळकवाडीतल्या फ्लॅटमधलेही विचारतात. वेड नाही, आणि नखरेही नाहीत.

खानापूर तालुक्यातली एक सून आठवते, पंचविशीतली. कौलारू घर, न्हाणी मागच्या अंगाला. रात्री उठायला लागू नये म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच प्यायची नाही. झुरळ दिसलं की किंकाळी, आणि दीर चप्पल घेऊन हजर.

मी विचारलं, ‘चावलंय कधी?’

‘नाही.’

‘मग काय होईल असं वाटतं?’

बराच वेळ गप्प बसली. ‘ते कुठं पळंल त्येच कळत नाही, मॅडम. अंगावरच येईल वाटतंय.’

गाठ इथं होती. झुरळाच्या मागच्या टोकाला दोन बारीक अवयव असतात. हवा जराशी हलली तरी त्यांना कळतं. झाडू उगारला की ते जीव घेऊन अंधाराकडे सुटतं. वाटेत आपण असलो की आपल्यावरच आलं असं वाटतं. हे सांगितल्यावर तिनं मान डोलावली, पण नुसत्या माहितीनं भीती जात नाही. भीतीसमोर थांबून ती आपोआप उतरताना अनुभवावी लागते, यावर माझा पक्का विश्वास आहे. 1924 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचा खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला होता. आम्हीही त्याच वाटेनं गेलो. आधी चित्र, मग मेलेलं झुरळ, मग झाकणबंद काचेच्या बरणीत जिवंत. घाई नाही, जबरदस्ती नाही. बरणी किती जवळ आणायची ते तीच ठरवायची.

बरणी टेबलावर आली त्या दिवशी तिचे तळहात घामानं ओले झाले होते. ‘उठून जाऊ?’ ‘जा की. पण भीती थोडी उतरल्यावर जा.’ ती बसली. बघता बघता पुढं वाकली. झुरळ एक मिशी तोंडात धरून टोकापर्यंत ओढत होतं, मग दुसरी. ‘मॅडम, हे मिशा पुसतंय!’ तिच्या आवाजात पहिल्यांदाच कुतूहल होतं. माणूस बघायला लागला की पळायचं विसरतो, हे मी त्या खोलीत पाहिलं. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षणच मला धरून ठेवतात.

दिराला मात्र वेगळं काम दिलं: धावायचं नाही. दर वेळी कुणी सोडवलं की सुटकेचं बरं वाटतं, आणि मनात ठसतं की आपण वाचलो ते दुसऱ्यामुळं. भीतीला खतपाणी मिळतं ते इथंच. तिच्याजवळ उभं राहा, झाडू तिच्या हाती द्या. गंमत म्हणून झुरळ अंगावर टाकणाऱ्यांना तर घरातल्या मोठ्यांनी सरळ दटावावं. पोरांची भीती त्यानं दुप्पट होते.

भीतीपायी खाणंपिणं, झोप किंवा न्हाणीला जाणं अडत असेल तर वाट बघू नका. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्थाही आपल्यापासून फार लांब नाही.