दिलेला कपडा कुठे जातो?

प्रश्न : ताई, मला कपड्यांची हौस आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतात, म्हणून महिन्याला चार-पाच तरी घेतेच. पण मी काही कचऱ्यात टाकत नाही. कंटाळा आला की धुऊन, घड्या घालून संस्थेला देते. मुलगी म्हणते, ‘आई, तरी हे चुकीचंच आहे.’ गरजूच्या अंगावर कपडा गेला, तर नुकसान कोणाचं झालं?

उत्तर : देण्यामागचा तुमचा भाव खरा आहे, पण मुलीचं म्हणणं बरोबर आहे.

दिलेल्या कपड्याचं पुढे काय होऊ शकतं, ते परदेशातल्या उदाहरणावरून बघा. युरोप-अमेरिकेत दान म्हणून जमा होणाऱ्या कपड्यांपैकी थोडेच थेट कुणाला मिळतात. बरेचसे व्यापाऱ्यांकडे जातात, दाबून त्यांच्या गाठी बांधतात आणि त्या जहाजावर चढतात. घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात आठवड्याला सुमारे दीड कोटी नग येतात, असा अंदाज आहे. तिथला विक्रेता गाठ न उघडताच विकत घेतो, बऱ्याचदा कर्ज काढून. आत चांगला माल निघेल की डाग पडलेले, ताणून सैल झालेले टी-शर्ट, हे पैसे दिल्यावर कळतं. पन्नास-पन्नास किलोंच्या या गाठी डोक्यावरून वाहणाऱ्या बहुतेक बाया आणि कोवळ्या पोरी. जे विकलं जात नाही ते गटारांतून समुद्रात जातं आणि वाळूत रुतलेल्या कपड्यांच्या जाड दोरखंडांसारखं किनाऱ्यावर परत येतं. या कपड्यांना तिथले लोक ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. एवढं धडधाकट कापड जिवंत माणूस टाकून देईल, हे पूर्वी कुणाला पटतच नसे.

यातून नवं कापड का होत नाही, असं तुम्ही विचाराल. सुती धागा, पॉलिएस्टर आणि ताण देणारा स्पॅन्डेक्स एकत्र विणला की ते वेगळे करणं फार कठीण. जुन्या कपड्याचा पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे.

आता कपडा तुमच्याकडे येण्याआधीचं सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. निर्यातीचा माल शिवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं चेकर, म्हणजे शिवलेला माल तपासणारी, होते. घरी एखादा स्वस्त टॉप उलटा करून बगलेची शिवण बघा. इंचाला बारा टाके हवेत तिथे सात-आठच दिसतील, ओव्हरलॉकचा, म्हणजे कडा उसवू नये म्हणून घातलेल्या शिलाईचा, दोरा सुटा लोंबत असेल. शिवणारीला शिवता येत नाही, असं समजू नका. टाका लांब घेतला की दोरा वाचतो, सेकंद वाचतात, आणि तिचं तासाचं टार्गेट सेकंदांवरच बांधलेलं असतं. माझ्या लाइनवरची एक मुलगी दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. बाथरूमला गेलं की मागे नग साचायचे आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर आकडा ओरडून सांगायचा. पुढे तिला मूत्रमार्गाचा त्रास सुरू झाला. त्या लाइनवरून माझ्या टेबलावर आलेले नग मी ‘पास’ केलेत. ती गोष्ट मला अजून सोडत नाही.

शिपमेंटच्या तारखेचा धाक काय करतो, ते २४ एप्रिल २०१३ला जगाने पाहिलं. ढाक्याजवळ सावार इथल्या राणा प्लाझा इमारतीला आदल्या दिवशी तडे गेले होते. खालच्या बँकेने कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. इमारत कोसळली आणि ११३४ माणसं गेली. तडा त्यांनाही दिसला होता. पण त्या दिवशी नाही म्हटलं असतं, तर महिन्याचा पगार बुडण्याची भीती होती.

म्हणून, नुकसान कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर शिवणारीचं आणि गाठ फोडणाऱ्याचं. तुम्ही मधल्या काळात किती दिवस कपडा वापरला, तेवढंच तुमच्या हातात आहे. पाच घेऊन पाच देण्यापेक्षा एकच घ्या आणि विटेपर्यंत घाला.

प्रश्न : मग फक्त सुती घेतलं तर चालेल का?

उत्तर : धुताना प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जाणार नाहीत, एवढा फायदा नक्की. पण एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. कापसाच्या शेतीसाठी १९६०च्या दशकापासून मध्य आशियातल्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं, आणि एकेकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर असलेला अरल समुद्र बहुतांश आटला. त्यामुळे सुती असो वा पॉलिएस्टर, आधी कपाटातलं बाहेर काढा. चेन बिघडली म्हणून पँट देऊ नका. नवी चेन बसवायला शिंप्याला अर्धा तास लागतो.