अमेरिकेत पहिल्यांदाच खरा ख्रिसमस ट्री आणतोय. कोणता घ्यावा आणि महिनाभर टिकवावा कसा?

फ्रेझर फर (फर म्हणजे सुईसारख्या पानांचं सदाहरित झाड) मिळत असेल तर डोळे झाकून तोच घ्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत त्याची मोठी लागवड होते. फांद्या कडक असतात, जड शोभेच्या वस्तू पेलतात आणि सुया, म्हणजे सुईसारखी पानं, लवकर गळत नाहीत. घरभर वास दरवळायला हवा असेल तर बाल्सम फर बघा.

झाड निवडताना फांदी चिमटीत धरून हात हलकेच टोकाकडे ओढा. हिरव्या सुया हातात आल्या, तर ते झाड सोडून द्या. आतल्या थोड्या तपकिरी सुया मात्र ताज्या झाडाच्याही पडतात.

सगळी मेख बुंध्यात आहे. कापलेली जागा चिकाने बंद होते, म्हणून विकणाऱ्याकडून बुंध्याची अर्धा ते एक इंच चकती सरळ कापून घ्या आणि सहा-आठ तासांत झाड पाण्यात ठेवा. झाड उभं करायच्या पाण्याच्या स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंधा तासू नका, कारण पाणी सालीलगतच्या लाकडातूनच वर चढतं. पहिल्या दिवशी झाड ३-४ लिटर सहज पितं. नंतर बुंध्याच्या जाडीच्या दर इंचामागे रोज साधारण १ लिटर धरा. साधं नळाचं पाणी पुरतं, साखर-ॲस्पिरिन काही घालू नका. बुंधा एकदा कोरडा पडला की पुन्हा बंद होतो.

हीटरची गरम हवा येते त्या जाळीपासून आणि शेकोटीपासून झाड लांब ठेवा, झोपताना दिवे बंद करा. वाळलेलं झाड काही सेकंदांत पेटतं, त्यामुळे सुया कडकडीत झाल्या की सण संपायची वाट न बघता ते बाहेर काढा.